पेनात सेल नाही, तरी रेघ उमटते

“मामा, ह्याच्यात सेल कुठं घालायचा?”

पेन टॅब्लेटचा, म्हणजे पेनानं चित्र काढायला संगणकाला जोडायच्या पाटीचा, खोका उघडल्या उघडल्या भाचीनं विचारलं. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, तिच्या वडिलांचं साजाचं (मासा, पान अशी पदकं ओवलेल्या हाराचं) काम चालतं. ते कागदावर पेन्सिलीनं काढतात ती नक्षी संगणकावर काढायची, असं तिनं मनावर घेतलंय. संगणक जुना, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली. पेन तिनं उलटसुलट करून पाहिलं. झाकण नाही, चार्जिंगची जागा नाही. सेल लागतच नाही म्हटल्यावर तिला पटेना.

मी तिला मिरजेच्या सतारीची आठवण करून दिली. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वरच्या तारेवर एखादा स्वर छेडला की त्याच स्वराला मिळवलेली तरफ कुणी हात न लावता झंकारते. वरची तार बोटानं बंद केली तरी तरफेची आस मागे उरते. हा अनुनाद, आणि पेनाचं सगळं गुपित त्यातच आहे.

टॅब्लेटच्या आत उभ्याआडव्या तारांची जाळी असते. तिच्यातून झपाट्यानं दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला की वर तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पेनात तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) असतो, दोन्ही मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला लावलेले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं. पेनाला लागते तेवढी वीज अशीच मिळते. मग जाळी क्षणभर गप्प होते आणि ऐकते. पेन अजून झंकारतच असतं. तो झंकार कोणत्या उभ्या आणि कोणत्या आडव्या तारेला सर्वांत जोरात ऐकू आला, यावरून टोकाची जागा कळते. शेजारच्या तारांना किती कमी आला हेही मोजतात, म्हणून दोन तारांमधली जागासुद्धा नेमकी सापडते. हे छेडणं आणि ऐकणं सेकंदाला हजारो वेळा चालतं. टोक टेकायच्या आधी, सेंटिमीटरभर वर असतानाच पडद्यावरचा बाण हलू लागतो तो यामुळे.

दाबाची गोष्ट मला याहून सुंदर वाटते. टोक दाबलं की पेनातल्या विद्युत मंडलाची धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते आणि त्याचा सूर किंचित सरकतो. टॅब्लेट ते सरकणं मोजतो. खोक्यावर छापलेला ८१९२ हा आकडा म्हणजे दाबाच्या पायऱ्या, २ चा १३ वा घात. साजातल्या माशाची शेपटी काढताना रेघ बारीक सुरू होऊन भरदार होते, ती या सरकत्या सुरामुळे. (सगळीच पेनं अशी नसतात, काहींत सेल असतो. वॅकॉम या जपानी कंपनीनं बिनसेलाची पद्धत रुजवली.)

लिनक्समध्ये पुढचं काम कर्नेलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम) करतो. आडवं इतकं, उभं इतकं, दाब इतका, अशा नोंदी तो ओळीनं पुढे पाठवतो. लिबइनपुट नावाचा प्रोग्रॅम त्यांचा अर्थ लावतो आणि क्रिता किंवा गिंप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये रेघ उमटते. भाचीकडे मात्र बाण हलत होता आणि रेघ एकाच जाडीची येत होती. अनेक स्वस्त टॅब्लेट जोडल्यावर सुरुवातीला साध्या माऊससारखेच वागतात. यूएसबीवरून ड्रायव्हरनं एक ठरावीक माहिती मागितली की मगच ते दाबासकट सगळं सांगू लागतात. ही मेख डिजिमेंड या टॅब्लेटचे लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रकल्पातल्या मंडळींनी उलगडली आणि ती कर्नेलमध्ये आली. कंपनीनं पाठ फिरवलेलं यंत्र असं चालतं राहतं, याचं मोल फार आहे. आमचं कर्नेल जुनं होतं. नवं घातलं आणि दाब आला. तरीही नाही आला, तर ओपनटॅब्लेटड्रायव्हर हा वेगळा ड्रायव्हर घालून पाहावा.

मग तिनं हातातली बांगडी काढून टॅब्लेटवर ठेवली आणि आतून पेन फिरवलं. पडद्यावर गोलाऐवजी लांबुळकं काहीतरी आलं. शेजारीशेजारी दोन पडदे जोडलेले होते आणि टॅब्लेट दोन्हींवर मिळून पसरला होता. टॅब्लेट १६ बाय १० सेंटिमीटर, दोन पडद्यांचं मिळून प्रमाण ३२ बाय ९. म्हणजे बांगडी आडवी जवळजवळ सव्वादोन पट ताणली गेली. टॅब्लेट एकाच पडद्याला बांधला. लिनक्समध्ये पडदा सांभाळायच्या दोन व्यवस्था आहेत, एक्स११ आणि वेलँड. एक्स११ वर हे एक्ससेटवॅकॉम या आज्ञेनं होतं, वेलँडवर केडीई किंवा ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंगमधून. तरी बांगडी अंड्यासारखीच, कारण एकट्या पडद्याचं प्रमाणही १६ बाय ९. ताण अजून ११ टक्के उरला होता. डोळ्याला एरवी तो कळत नाही, पण साजाच्या पानात लगेच खटकतो. टॅब्लेटची खालची एक सेंटिमीटर पट्टी वापरातून वगळली.

पुन्हा बांगडी ठेवली, पेन फिरवलं. या वेळी गोल आली. ती हातात चढवून भाचीनं मासा काढायला घेतला.