कार्डावरून परस्पर पैसे गेले तर: मुदत, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून परस्पर पैसे गेले म्हणून बँकेकडे केलेले अर्ज फेटाळले जातात, तेव्हा अर्जदार खोटं बोलत असतो असं क्वचितच असतं. माणूस खरोखर लुबाडला गेलेला असतो. पण त्याने बँकेला कधी कळवलं याचा कागद त्याच्याकडे नसतो, नाहीतर अर्जात एक लिहिलेलं असतं आणि बँकेच्या नोंदीत दुसरंच निघतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात यात आणखी एक भर पडते. खातं मुंबईच्या शाखेत, कार्ड गावी आईकडे, मोबाइल नंबर तिसऱ्याचाच. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे एका ओळीत उरकल्या आहेत आणि जिथे लोक अडकतात तिथे जास्त थांबलो आहे.

पैसे परत मागण्याचा हक्क कोणाला

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक याचा पाया आहे. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघालं. त्यामुळे "आमची सहकारी बँक, आम्हाला तो नियम नाही" असं काउंटरवर कोणी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका.

चूक बँकेची असेल तर तुम्ही कधीही कळवा, तुमच्यावर एका रुपयाचाही भार नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुठल्यातरी यंत्रणेतून माहिती फुटली, तर बँकेकडून व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास संपूर्ण रक्कम परत. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर प्रत्येक व्यवहारामागे थोडा तोटा तुम्ही सोसायचा: जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, साध्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला १०,०००, त्यावरच्या मर्यादेच्या कार्डाला २५,०००. गेलेली रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर मात्र बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सोडलेलं आहे, आणि ते धोरण बहुधा तुमच्या बाजूने लिहिलेलं नसतं.

तुमच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, म्हणजे पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन अंक तुम्ही कोणाला दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. यापुढचं वाक्य लोक वाचतच नाहीत: कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेचे. म्हणजे ओटीपी दिला असला तरी ताबडतोब कळवण्यात अर्थ आहे. "आता आपलीच चूक, कशाला जायचं बँकेत" म्हणून घरी बसणारे दुसरा आणि तिसरा व्यवहारही गमावतात.

तीन दिवस कुठून मोजायचे

तीन दिवस म्हणजे बहात्तर तास नव्हेत. संदेश आला तो दिवस धरायचा नाही. पुढे तुमच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवस मोजायचे. शुक्रवारी रात्री संदेश आला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार असेल, तर शनिवार-रविवार सोडून सोमवार पहिला, बुधवार तिसरा. तोच पहिला शनिवार असेल तर शनिवारच पहिला दिवस ठरतो आणि मुदत मंगळवारी संपते. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडच्या बऱ्याच लोकांची खाती नोकरीमुळे गोव्यातल्या शाखेत असतात. त्यांनी गोव्याच्या सुट्ट्या मोजायच्या. ३ डिसेंबर आणि १९ डिसेंबरला तिथल्या बँका बंद असतात, इथल्या चालू असतात.

हे गणित भांडायची वेळ आली तरच कामाचं. सुट्टी आहे म्हणून थांबायचं कारण नाही, कारण बँकेने तक्रार चोवीस तास स्वीकारलीच पाहिजे असं परिपत्रकच सांगतं. गणपतीत शाखा बंद असली तरी हेल्पलाइन चालू असते.

मुदत संदेश मिळाल्यापासून सुरू होते, ही गोष्ट मिरकरवाडा, हर्णै, मालवणच्या मच्छीमारांनी नीट लक्षात ठेवावी. बोट आठ-आठ दिवस बाहेर, रेंज नाही, बंदरात आल्यावर एकदम संदेश कोसळतात. बँक तारीख धरते ती संदेश पाठवल्याची. पण संदेश प्रत्यक्ष पोचल्याची तारीख-वेळ नोंदवणारी यंत्रणा बँकेने ठेवायची आहे, असं त्याच परिपत्रकात आहे. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत समुद्रात होतो, संदेश पोचल्याची नोंद तपासावी. बोट आत-बाहेर झाल्याची काही नोंद मच्छीमार सोसायटीकडे किंवा बंदरावर असेल तर तिची प्रत जोडा.

कार्ड ब्लॉक केलं म्हणजे तक्रार झाली असं नाही

सगळ्यात जास्त अर्ज इथे मरतात. माणूस घाबरून हेल्पलाइनला फोन लावतो, कार्ड बंद करून घेतो आणि सुटकेचा श्वास सोडतो. आठवड्याने शाखेत गेल्यावर कळतं की बँकेच्या दप्तरी "ग्राहकाच्या विनंतीवरून कार्ड बंद" एवढंच आहे. अमुक व्यवहार मी केलेला नाही, ही तक्रार नोंदवलेलीच नाही. फोनवर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा: कार्ड बंद करा, आणि या तारखेचे इतक्या रुपयांचे हे व्यवहार माझे नाहीत, त्याची तक्रार नोंदवून क्रमांक द्या. तक्रार क्रमांकासह पोच लगेच पाठवणं बँकेवर बंधनकारक आहे. संदेश आला नाही तर पुन्हा फोन करा, आणि तोच मजकूर बँकेच्या अधिकृत ईमेलवर टाका. ईमेलला तारीख आणि वेळ आपोआप लागते, ती कोणाला खोडता येत नाही.

हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे असतो. तो गूगलवर शोधू नका. तिथे पहिला दिसणारा नंबर चोराचाच असू शकतो, आणि एकदा फसलेला माणूस तिथेच दुसऱ्यांदा फसतो. संकेतस्थळावरून घ्यायचाच असेल तर पत्ता "डॉट बँक डॉट इन" असा संपतो का ते पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत याच पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

शाखेत कागदी अर्ज देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. "साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा" हे उत्तर मिळेलच. ठेवून गेलात की तो अर्ज कधी आला हे ठरवणारा माणूस तुम्ही राहत नाही.

लगोलग १९३०

बँकेच्या फोननंतरचा दुसरा फोन १९३० ला. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत तिथे गोठवता यावेत, हा तिचा उद्देश. त्यामुळे इथे दिवस सोडा, तासांनाही किंमत आहे. लाइन व्यग्र मिळते, तेव्हा एकीकडे लावत राहा आणि दुसरीकडे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर स्वतः तक्रार भरा. हाताशी खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक हवा. फोनवर पोच क्रमांक मिळाला की काम झालं असं समजून लोक थांबतात. उरलेला तपशील पोर्टलवर चोवीस तासांत भरायचा असतो.

पैसे गोठले असा संदेश आला तरी ते आपोआप खात्यात येत नाहीत. सोडवून घ्यायला पोलिसांमार्फत न्यायालयाचा आदेश लागू शकतो, म्हणून तो पोच क्रमांक जपून ठेवा.

पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत नाही, जिल्ह्याच्या सायबरला जा" असं सांगतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मंडणगडहून रत्नागिरीला एसटीने हेलपाटे घालायच्या आधी हे कलम नम्रपणे बोलून दाखवा. आणि बँक "एफआयआर आणा, मगच अर्ज घेतो" म्हणाली तर सांगा की तीन दिवसांची मुदत बँकेला कळवण्याची आहे, एफआयआरची नाही. आज अर्ज घ्या, पोलीस तक्रारीची प्रत मागाहून देतो.

कागदपत्रं

बँकेचा डिस्प्यूट फॉर्म (म्हणजे हा व्यवहार माझा नाही असं कळवायचा छापील अर्ज), ओळखपत्राची प्रत, त्या महिन्याचं स्टेटमेंट किंवा भरून घेतलेलं पासबुक, व्यवहाराच्या संदेशांचे स्क्रीनशॉट, बँकेचा तक्रार क्रमांक, १९३० चा पोच क्रमांक. एवढं बहुतेकांकडे असतं.

नसतो तो पासपोर्ट. परदेशातल्या व्यवहाराची तक्रार असेल तर काही बँका पासपोर्टच्या पानांच्या प्रती मागतात, तुम्ही त्या देशात नव्हतात हे पाहायला. आखातात किंवा जहाजावर नोकरी केलेल्यांच्या घरात तो असतो. देवरुखच्या निवृत्त शिक्षिकेने कुठून आणायचा? पासपोर्ट काढलेलाच नाही असं स्वयंघोषणापत्र द्या आणि त्या दिवशी गावात होतात याचा जो असेल तो पुरावा जोडा: हजेरीचा दाखला, दवाखान्याचा कागद, त्याच दिवशी त्याच कार्डाने तालुक्याच्या एटीएममधून काढलेले पैसे. शेवटचा पुरावा बँकेच्याच नोंदीत असतो, फक्त तिथे बोट ठेवून दाखवावं लागतं. कार्ड तुकडे करून टाकू नका. ते तुमच्याकडेच होतं, हाही मुद्दाच आहे.

मोबाइलच्या दुकानदाराने "फॉरमॅट मारतो" म्हटलं तर त्याचा हात धरा. वीजबिल थकल्याची किंवा वाहनाच्या चलनाची म्हणून आलेली फाइल उघडली असेल, तर तिने ओटीपी परस्पर वाचलेला असू शकतो. फोन फॉरमॅट केला की हे सिद्ध करायचा मार्ग संपतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनने त्या फाइलचे आणि संदेशांचे फोटो काढा, मग पुढचं.

अर्जातली हकीकत खरी लिहा. "मी कोणालाही ओटीपी दिलेला नाही" हे वाक्य लोक एकमेकांच्या अर्जावरून उतरवतात. बँकेकडे ओटीपी कधी गेला आणि कधी टाकला गेला याची सेकंदासह नोंद असते. ओटीपी आलाच नव्हता, आला पण कोणाला सांगितला नाही, आणि फसून सांगितला, ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. नियमाप्रमाणे चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचं काम बँकेचं. खोटं वाक्य लिहून ते काम तुम्हीच सोपं करून देता.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून वजा झाल्या, ही फसवणूक नाही. तो फॉर्म वेगळा. ती रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

अर्ज दिल्यावर

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. क्रेडिट कार्ड असेल तर फसवणूक म्हणून नोंदवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही. बिलातली बाकीची, तुमची स्वतःची खरेदी मात्र वेळेत भरा. रागाने पूर्ण बिल थांबवणारे व्याज आणि दंड ओढवून घेतात.

घरातल्या म्हाताऱ्यांचं कार्ड

मुलगा मुंबईला, आई गावी, पेन्शन काढायला शेजारचा मुलगा कार्ड घेऊन जातो आणि पिन पासबुकाच्या कव्हरवर लिहिलेला. त्याने कधी चार पैसे जास्त काढले तर बँकेच्या लेखी ती तुमची निष्काळजी, पुढे काही होत नाही. शेजाऱ्यावर अविश्वास दाखवा असं नाही. कार्डाची एटीएम मर्यादा महिन्याच्या खर्चाएवढी करून ठेवा आणि मुदत ठेवीची रक्कम त्या खात्यात लोळू देऊ नका.

खात्याला जोडलेला नंबर कोणाचा, हे आज तपासा. वडिलांचा जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला असेल, तर तो काही महिन्यांत कंपनी दुसऱ्याला देते आणि तुमचे संदेश त्याला जातात. नंबर मुलाचा असेल तर संदेश मुंबईत पोचला की मुदत सुरू. मीटिंगमध्ये होतो म्हणून तो रात्री पाहिला, ही सबब ऐकायला कोणी बसलेलं नाही. नंबर बदलायला शाखेत फॉर्म, आधार, पॅन आणि पासबुक न्या.

आणि परदेशी व्यवहार बंद करा. अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय पैसे कापले जातात. नव्या कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून द्यायची सोय सुरुवातीला बंदच असायला हवी, हा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे, पण एखाद्या खरेदीसाठी चालू केलेली सोय तशीच राहते. ॲपमध्ये किंवा एटीएमवर ती बंद करता येते. टॅप करून पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. बाजारात गर्दीत फिरणाऱ्याला ती सोय हवीच असं नाही.

बँकेने नाही म्हटलं तर

तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन या संकेतस्थळावर अर्ज भरा. चौकशीसाठी १४४४८. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर अर्ज दारातूनच परत येतो. शुल्क काही नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे चालत नाही, तेव्हा तालुक्याला कोणी "लोकपालात केस टाकून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. इंटरनेट जमत नसेल तर कागदी अर्ज टपालानेही पाठवता येतो. तो मुंबईला न जाता चंदीगडला, सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात जातो. रजिस्टर किंवा स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पावती फॉर्मच्या प्रतीला टाचून ठेवा.