लाईट आठवडाभर आली नाही तर

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ साली ५६ च्या वर. दोन्ही वेळा शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहरात नळ मात्र कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, त्यामुळे टँकर नाहीत. २०१९ ला तर पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवायची वेळ आली. त्या दिवसांत घराघरांत अंधाराची चर्चा जास्त झाली, पण माणसं खरी हैराण झाली ती पाण्यावाचून.

लाईट जाण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि तयारी करताना त्यांची गल्लत होते. पहिला प्रकार म्हणजे ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रं आणि वाहिन्यांचं जोडलेलं जाळं, कोसळणं. आपल्याकडच्या ग्रीडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची दर सेकंदाची आवर्तनं, ५० हर्ट्झच्या अगदी जवळ ठेवावी लागते. मागणीपेक्षा निर्मिती कमी पडली की ती घसरते, मग निर्मितीचे संच आणि वाहिन्या स्वतःला वाचवण्यासाठी एकापाठोपाठ एक ग्रीडपासून सुटत जातात. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं असंच झालं. साठ कोटींहून जास्त लोक त्या भागात राहत होते. आपला पश्चिम विभाग वाचला. अशा वेळी पुन्हा सुरुवात करणंही सोपं नसतं, कारण कोळशाचं केंद्र चालू करायलाच वीज लागते. त्याच्या गिरण्या, पंखे आणि पंपच त्याच्या निर्मितीतले सहा-आठ टक्के खातात. जलविद्युत संचाला मात्र दार उघडण्यापुरती थोडी वीज पुरते, ती बॅटरीतून किंवा छोट्या जनरेटरमधून मिळते, पुढचं काम पाणी करतं. म्हणून ग्रीड उभं करताना कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांना मान असतो. एवढं सगळं असूनही यात काही मोडलेलं नसतं, त्यामुळे काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत गाडी रुळावर येते.

दुसरा प्रकार मोडतोडीचा. चक्रीवादळात मनोरे आडवे होतात, पुरात उपकेंद्रं बुडतात. २०१७ साली मारिया चक्रीवादळानं पोर्टो रिकोची वीजव्यवस्था अशी झोपवली, की शेवटच्या घरांपर्यंत वीज पोचायला वर्ष होत आलं. सौर वादळं आणि सायबर हल्ले यांवर व्हॉट्सअ‍ॅपवर खूप काही फिरतं, आणि तेही धोके खरेच आहेत. १९८९ च्या मार्चमध्ये सौर वादळानं कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. पण कोल्हापुरात राहणाऱ्यानं आकाशापेक्षा पंचगंगेकडे बघून तयारी करावी, असं मला वाटतं.

पूर ओसरला की दुसऱ्या दिवशी लोक वायरमनला फोन लावतात, ‘पाणी तर उतरलं, मग लाईट का नाही?’ याचं उत्तर डीपीच्या पोटात आहे. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल दोन कामं करतं, गुंडाळ्या थंड ठेवतं आणि त्यांच्यात ठिणगी पडू देत नाही. नीट सुकवलेलं नवं तेल अडीच मिलिमीटर फटीत साठेक हजार व्होल्टचा दाब झेलतं. त्यात दशलक्षात तीस-चाळीस भाग पाणी मिसळलं, म्हणजे बादलीभर तेलात पाण्याचे जेमतेम काही थेंब, तरी ही ताकद झपाट्यानं घसरते. गुंडाळीवरचा कागद तर पाणी आणखी आवडीनं शोषतो. असा ओला ट्रान्सफॉर्मर घाईनं चालू केला तर आत ठिणगी पडून तो कायमचा जातो. म्हणून आधी मेगर नावाच्या मापकानं इन्सुलेशन तपासायचं, तेल गाळून तापवून सुकवायचं, गाळ भरलेले स्विच धुवायचे, मग एकेक फीडर, म्हणजे भागाभागाची वीजवाहिनी, चालू करायचा. वायरमन छातीभर पाण्यातून जाऊन हे करत असतात. त्यांच्यावर ओरडण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

आता घरातलं गणित. बहुतेकांकडे १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी असते. गुणाकार केला की १८०० वॉट-अवर, म्हणजे १.८ युनिट होतात. ती पूर्ण पिळायची नसते. ८० टक्के काढले तर साधारण १४४० वॉट-अवर हाती लागतात. जुन्या पद्धतीचा सीलिंग फॅन ७५ वॉट खातो. दोन फॅन, चार एलईडी बल्ब आणि टीव्ही लावला तर रात्र काही निघत नाही.

आता काटकसर करून बघा. ९ वॉटचा एक बल्ब पाच तास, दोन मोबाईल चार्ज आणि थोडा रेडिओ धरला तर दिवसाला ८० वॉट-अवर पुरतात. म्हणजे अठरा दिवस चालायला हवं, नाही का? इथंच गोम आहे. इन्व्हर्टर नुसता चालू असला, त्यावर काहीही लावलेलं नसलं, तरी तो स्वतःसाठी वीज खातो. घरगुती इन्व्हर्टरला साधारण २० वॉट धरा. चोवीस तासांचे झाले ४८०, आपल्या सगळ्या वापराच्या सहापट. असा चालू ठेवलेला इन्व्हर्टर अडीच दिवसांत बॅटरी रिकामी करतो. तोच फक्त संध्याकाळचे पाच तास चालू करून एरवी बटण बंद ठेवला, तर तेवढीच बॅटरी आठ दिवस जाते. एका बटणानं साडेपाच दिवस मिळतात! मोबाईलही त्याच पाच तासांत चार्ज करून घ्यायचे.

आणि बॅटरी संपली की तिला तशीच पडू देऊ नये. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकाम्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही.

छतावर सोलर आहे, मग आपल्याला काय काळजी, असं म्हणणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. अनुदान आल्यापासून उपनगरांत पॅनेलच पॅनेल दिसतात. पण नेट मीटरवाली साधी सोलर यंत्रणा लाईट गेल्याबरोबर स्वतःही बंद पडते, भर दुपारी आणि लख्ख उन्हातसुद्धा. हा बिघाड नाही, ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. त्या इन्व्हर्टरला ग्रीडचे ५० हर्ट्झ दिसले नाहीत की तो क्षणात सुटतो, नाहीतर तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारेवर जाऊन खांबावरच्या माणसाचा जीव घेईल. लाईट नसताना सोलर वापरायचं तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बसवणाऱ्याला हा एकच प्रश्न आधी विचारा: लाईट गेल्यावर हे चालणार का?

तेवढं बजेट नसेल तर १०० वॉटचं एक सुटं पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर घ्यावा. आपल्या भर पावसाळ्यात ते उन्हाळ्याच्या चौथाईनं काम करील, दिवसाला १०० वॉट-अवरच्या आसपास. वरचा बल्ब, मोबाईल आणि रेडिओ एवढ्यात भागतात. फक्त लोड थेट १२ व्होल्टवर चालवायचा, मध्ये तो खादाड इन्व्हर्टर आणायचा नाही. रेडिओ तर घ्यावाच. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच चालतात, पुढे डिझेल पोचलं तर टॉवर, नाहीतर नुसता टॉर्च म्हणून फोन वापरायचा. रेडिओला पेन्सिल सेल पुरतात.

जनरेटरबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही जिवाच्या. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. त्यामुळे जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, गॅलरीत जनरेटर ठेवू नये. आणि त्याची पिन घरातल्या प्लगमध्ये घालून ‘उलटी’ वीज देण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. डीपीतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. ११ हजार व्होल्टचे घरच्या दाबावर आणतो, तसाच घरातून गेलेले २३० उलटे हजारोंवर चढवतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी ग्रीड किंवा जनरेटर एकच जोडणारा स्विच, बसवूनच जनरेटर जोडावा.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण त्यात गणित सगळ्यात गमतीशीर आहे. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला निव्वळ भौतिकशास्त्रानं ०.०२७ युनिट लागतात. घरचा पंप अर्ध्याहून जास्त वीज वाया घालवतो असं धरलं तरी ०.१ युनिटच्या आत काम होतं. एवढी वीज म्हणजे मोबाईलचे सहा-सात चार्ज. मग इन्व्हर्टरवर पंप का चालत नाही? कारण एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि तेवढ्याला घरगुती इन्व्हर्टर मान टाकतो. थोडक्यात, वीज लागते चिमूटभर, पण ती एका दमात लागते. म्हणून इशारा पातळी ओलांडली की वरची टाकी काठोकाठ भरून ठेवायची. लाईट गेल्यावर तो मार्ग बंद.

ती टाकी पुरेल किती? शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी रोज १३५ लिटर. चार माणसांत हजार लिटर दोन दिवससुद्धा जात नाहीत. आपत्तीत जगभर माणशी १५ लिटर हे किमान माप धरतात. त्या हिशेबानं तीच टाकी सोळा दिवस जाते. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी वेगळं भरून झाकावं, फ्लशला पागोळीचं पाणी वापरावं. आपल्या पावसाळ्यात पागोळीला काही तोटा नसतो. तळमजल्याखालच्या टाकीत मात्र पुराचं पाणी शिरलं, की ते पाणी ड्रेनेजचं समजावं.

गढूळ पाण्यात थेट मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, टाकून समाधान मानू नका. क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय कणांवरच खर्ची पडतो आणि जंतूंच्या वाट्याला उरत नाही. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यावं, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात औषध घालून अर्धा तास थांबावं. नुसत्या तुरटीनं पाणी नितळ दिसतं, जंतू मरत नाहीत. गॅस असेल तर खळखळून उकळणं सगळ्यात खात्रीचं, म्हणून पावसाळ्यात जादा सिलिंडर भरलेला असावा. बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवायची युक्ती चांगली आहे, पण जुलैत गगनबावड्याकडून आलेले ढग हटायची वाट बघत बसावं लागेल.

या शहराची मागची पिढी कळंब्याच्या तलावाचं पाणी प्यायली, ते उतारानंच पाण्याच्या खजिन्यापर्यंत यायचं, पंपाशिवाय. आज काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन आली, तिचा बराचसा प्रवासही उताराचाच आहे, पण धरणातून पाणी उचलणारे जॅकवेलचे पंप विजेवर आहेत.

खाण्याचं फार अवघड नाही. फ्रिज न उघडता ठेवला तर चारेक तास गार राहतो, पुढे तो कपाटच. तेव्हा रविवारचं मटण रविवारीच संपवलेलं बरं. भडंग, गूळ, शेंगदाणे, सुकी चटणी यांना फ्रिज लागतच नाही. गुळात जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणीच जवळजवळ नसतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाबरू नये. वापरात काढलेली बहुतेक इन्सुलिनं २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतात, नेमकी मुदत पाकिटावर असते, आणि आपला जुलै तसा थंडच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरच्या पेशंटला मात्र पाणी चढायच्या आधीच हलवावं. ते यंत्र तीनशे वॉटच्या आसपास खातं, वरची पूर्ण बॅटरी त्याला चार-पाच तासच पुरेल. आणि घरात थोडी रोकड, त्यातही सुट्टे, ठेवा. यूपीआय आणि एटीएम दोन्ही बंद असताना पाचशेची नोट घेऊन दुधासाठी उभं राहणं काही उपयोगाचं नाही.

लाईट परत येते तो क्षणही जपायचा असतो. घरात पाणी शिरलेलं असेल तर मेन स्विच बंदच ठेवावा. बोर्ड, मिक्सर, मोटर वरून वाळलेले दिसले तरी आत ओल राहते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून एकेक सर्किट चालू करावं. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर गळणारा करंट तो क्षणात तोडतो; साधा एमसीबी हे काम करत नाही, तो फक्त जादा लोड आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ असं छोटं बटण असतं. जूनच्या आधी ते एकदा दाबून बघा. स्विच खाली पडला नाही, तर तो बदलून घ्या.