इंग्रजी स्पेलिंग वेडेवाकडे का झाले?

सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दात आधी 'के' आणि मध्ये 'जीएच' कशाला, असा प्रश्न शाळेत बहुतेकांना पडतो. उत्तर सरळ आहे: एके काळी ही सगळी अक्षरे उच्चारली जात. उच्चार निघून गेला, अक्षरे मागे राहिली.

1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी आपल्या सवयी इंग्रजीत आणल्या. 'क्वीन' पूर्वी 'सीडब्ल्यू'ने सुरू होई, तिथे 'क्यूयू' आले. पण खरा घोळ वेळेचा झाला. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढच्या दोनशे वर्षांत शब्दांची रूपे हळूहळू पक्की होत गेली. नेमके त्याच काळात दीर्घ स्वरांचे उच्चार पार बदलत होते. आजचा 'नेम' तेव्हा 'नाम'च्या जवळ उच्चारला जाई (आपल्या 'नाम'शी त्याचे नातेही आहेच), तर 'बाइट' होता 'बीट'सारखा. म्हणजे स्पेलिंग ज्या बोलीचा फोटो आहे, ती बोलीच आता उरलेली नाही.

त्यात पंडितांची भर. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये 'बी' कधी ऐकू येत नव्हता. मूळ लॅटिन शब्दात आहे म्हणून तो घुसडला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ चूक. त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नाही.

सुधारणेचे प्रयत्न कमी झाले नाहीत. नोआ वेब्स्टरच्या कोशांमुळे अमेरिकेत 'कलर'मधला 'यू' गेला, पण 'टंग' हा शब्द 'टीयूएनजी' असा लिहावा ही त्याची सूचना कुणी मनावर घेतली नाही. 1906 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 300 शब्दांची सोपी रूपे सरकारी छपाईत वापरण्याचा हुकूम काढला. काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) विरोध केला, वर्तमानपत्रांनी टर उडवली आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे गेला. ब्रिटिश संसदेत 1949 मध्ये असेच एक विधेयक 84 विरुद्ध 87 अशा मतांनी पडले.

विरोधकांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. उच्चाराप्रमाणे लिहायचे तर कुणाच्या? स्कॉटलंडमध्ये 'कार'चा 'आर' वाजतो, लंडनमध्ये सहसा नाही. शिवाय 'साइन'मधला मुका 'जी' काढला, तर 'सिग्नेचर'शी त्याचे नाते डोळ्यांना दिसणार नाही.

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी तर मृत्युपत्रात नव्या लिपीसाठीच पैसे ठेवले. ती लिपी तयार झाली, 1962 मध्ये त्यांचे एक नाटक तीत छापलेही गेले. पण वाचकाला कळावे म्हणून समोरच्या पानावर जुन्या स्पेलिंगमधला मजकूर द्यावा लागला.