पोर्ट ८० आणि गोठणारे लॅपटॉप

डिसेंबर २००७ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम करणाऱ्या डेव्हलपरांपुढे एक चमत्कारिक तक्रार आली. एचपीच्या पॅव्हिलियन डीव्ही९००० मालिकेतल्या, एएमडीचा ६४-बिट प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर हार्डवेअर घड्याळ वाचणारी एचडब्ल्यूक्लॉक ही साधी कमांड चालवली की मशीन गोठायचं. पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नसायचा. तक्रार करणारे होते डेव्हिड पी. रीड, इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या यूडीपी या प्रोटोकॉलच्या रचनेत ज्यांचा वाटा आहे तेच. त्यांनी चिकाटीने शोध घेत दोष एकाच कृतीपर्यंत आणून सोडला: पोर्ट ८० वर एक बाइट लिहिणं.

पोर्ट म्हणजे इथे प्रोसेसर ज्यावरून हार्डवेअरशी बोलतो तो क्रमांकाचा पत्ता; इंटरनेटच्या पोर्टशी त्याचा संबंध नाही. हा पोर्ट (८० हा आकडा हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचा) मुळात बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, तपासणीचा. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून बायोस सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर एक कोड या पोर्टवर टाकत आलं आहे. स्क्रीन काळीच राहिली तर रिपेअरवाला मदरबोर्डवर डिबग कार्ड खोचतो. त्यावर दोन अंकी कोड दिसतो. कोड जिथे अडकला, तिथे बिघाड. फार उपयोगी सोय आहे ही. पण एकदा ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाली की या पोर्टला कुणी वाली नाही, असंच सगळे धरून चालले होते.

लिनक्सनेही तेच धरलं. आयएसए या जुन्या पीसीतल्या बसला (डेटा वाहणाऱ्या मार्गाला) जोडलेली उपकरणं, कीबोर्ड कंट्रोलर, टायमर, इंटरप्ट कंट्रोलर यांना लागोपाठच्या दोन आज्ञांमध्ये थोडी उसंत लागते. सुरुवातीला कर्नल त्यासाठी दोन छोट्या जंप (प्रोसेसरला नुसती पुढे उडी मारायला सांगणाऱ्या आज्ञा) टाकत असे. प्रोसेसर वेगवान झाले तशी ती युक्ती निकामी झाली. मग पोर्ट ८० वर निरर्थक बाइट लिहिण्याची पद्धत आली. प्रोसेसर कितीही वेगवान असो, बसवरच्या या फेरीला साधारण एक मायक्रोसेकंद लागतोच. वर्षानुवर्षं लाखो मशीनवर हे बिनबोभाट चाललं. घड्याळ वाचणारा कोडही प्रत्येक वाचनाआधी हाच विसावा घेत असे, म्हणून एचडब्ल्यूक्लॉकने घात केला.

एचपीच्या त्या मशीनवर पोर्ट ८० रिकामा नव्हता. विकासाच्या काळात डिबगिंगसाठी त्यावर कान लावून बसलेलं काहीतरी विक्रीच्या मालातही तसंच राहून गेलं, असा तर्क तेव्हा मांडला गेला, आणि लक्षणांशी तो जुळतो. माझ्या मते यात मोठी चूक निर्मात्याच्या बाजूची आहे. कारखान्यातली सोय ग्राहकाच्या मशीनमध्ये जागी ठेवायची नसते. ती जागी असली तरी निर्मात्याच्या चाचण्यांत दिसत नाही. दिसते ती त्या मशीनवर दुसरी सिस्टिम चालवणाऱ्याला. आणि त्याच्या हाती फर्मवेअरचा (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या प्रोग्रामचा) सोर्स कोडही नसतो.

मग पोर्ट ८० वर लिहिणं सरळ बंदच का केलं नाही? खरी अडचण इथेच होती. जुन्या कार्डांना लागणारी उसंत बसच्या गतीवर ठरते, तर कर्नलचं स्वतःचं वेळमापन बूटच्या अगदी सुरुवातीला जुळलेलंही नसतं. शिवाय कुठल्या जुन्या ड्रायव्हरला हा विसावा खरोखर लागतो, हे तपासायला ती सगळी जुनी उपकरणं कुणाकडे असणार? काही लॅपटॉप वाचवताना जगभरातल्या जुन्या मशीन अडचणीत आणणं डेव्हलपरांना परवडणारं नव्हतं, आणि त्यांनी घाई केली नाही हे योग्यच झालं.

तोडगा २००८ मध्ये कर्नल २.६.२५ मध्ये आला. बूटच्या वेळी आयओ-डिले हा पर्याय देऊन पोर्ट ८०, पोर्ट ईडी (हाही हेक्साडेसिमल क्रमांकाचा दुसरा पोर्ट), नुसता वेळ मोजून थांबणं किंवा अजिबात न थांबणं, यातलं एक निवडता येतं. शिवाय ज्या मशीनवर पोर्ट ८० घातक ठरतो, त्यांची यादी थेट कोडमध्येच घातली गेली. त्यात पॅव्हिलियन डीव्ही९०००झेड, डीव्ही६०००, टीएक्स१००० आणि कॉम्पॅकची प्रेसारिओ व्ही६०००, एफ७०० अशी मॉडेलं आहेत. बोर्डचं नाव जुळलं की कर्नल आपोआप पोर्ट ईडीकडे वळतो. यादीत नसलेलं एखादं जुनं मशीन घड्याळ वाचताना गोठत असेल, तर तोच पर्याय बूटच्या ओळीत हाताने लिहून पाहता येतो.