आरएस-४८५ जुळलं म्हणजे मॉडबस जुळला असं नाही

"ड्राइव्हला मॉडबसचं पोर्ट आहे, दोन वायरी जोडल्या की झालं," असं वर्कशॉपमध्ये हमखास ऐकू येतं. त्या दोन वायरी आरएस-४८५ या विजेच्या मानकाच्या असतात; मॉडबस, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा प्रोटोकॉल (संदेशाची ठरलेली भाषा), त्यांच्यावरून जातो, एवढाच दोघांचा संबंध. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालवताना ड्राइव्ह गप्प बसला, तर चूक दोघांपैकी कुणाकडे आहे ते आधी ठरवायला हवं. नाहीतर दिवसभर कोड बदलत बसायचं आणि दोष निघायचा टर्मिनलच्या स्क्रूखाली.

मॉडबस १९७९ चा, मोडिकॉन कंपनीनं आपल्या पीएलसीसाठी, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी केलेला. आरएस-४८५ चं मानक आलं १९८३ मध्ये. मॉडबस आज इथरनेटवरूनही चालतो, आणि आरएस-४८५ च्या वायरीवरून कारखान्यातला प्रोफिबस किंवा स्टेजच्या दिव्यांचा डीएमएक्स हे दुसरे प्रोटोकॉलही जातात. म्हणून ड्राइव्हवर नुसतं 'आरएस-४८५' छापलं असेल, तर प्रोटोकॉल कोणता ते मॅन्युअलमध्ये पाहावंच लागतं.

आरएस-४८५ चा मामला निव्वळ विजेचा. आर्डुइनो उनोची टीएक्स (पाठवायची) पिन ग्राउंडच्या मानानं ० किंवा ५ व्होल्ट देते, आणि शेजारून मोटरची केबल गेली की त्यात गोंगाट शिरतो. आरएस-४८५ मध्ये ए आणि बी या दोन वायरींमधला फरक मोजतात. २०० मिलिव्होल्टचा फरकही रिसीव्हरला पुरतो. गोंगाट पिळलेल्या दोन्ही वायरींवर जवळपास सारखाच बसतो, त्यामुळे फरक शाबूत राहतो. हे रूपांतर मॅक्स४८५ चं छोटं मॉड्यूल करतं. आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड असेल तर ३.३ व्होल्टवर चालणारा मॅक्स३४८५ घ्या. आणि ए-बीच्या नावांवर विसंबू नका: कुणी ए ला प्लस म्हणतं, कुणी मायनस. वायरी उलट लागल्यानं काही जळत नाही, म्हणून आधी अदलाबदल करून पाहा.

मॉडबसचा मामला बाइटांचा. डेल्टाच्या अनेक ड्राइव्हना ५० हर्ट्झ सांगायचं तर हेक्समध्ये ०१ ०६ २० ०१ १३ ८८ आणि मागे सीआरसीचे, म्हणजे संदेश शाबूत आला का ते तपासायचे, दोन बाइट. ०१ हा ड्राइव्हचा पत्ता, ०६ म्हणजे एक रजिस्टर (ड्राइव्हमधला क्रमांकाचा कप्पा) लिही, २००१ हे फ्रीक्वेन्सीचं रजिस्टर, आणि हेक्स १३८८ म्हणजे ५०००, अर्थात ५०.०० हर्ट्झ. बॉड रेट (पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) आणि आरटीयू की अॅस्की, म्हणजे संदेश कच्च्या बाइटांत की अक्षरांत, हेही जुळायला लागतं; काही ड्राइव्ह कारखान्यातून अॅस्कीवरच सेट होऊन येतात.

माझे दोन दिवस गेले ते मात्र या दोघांच्या सीमेवर. सेटिंग बरोबर, वायरी बरोबर, तरी उत्तर नाही. मॉड्यूलची डीई (पाठवणं चालू करणारी) पिन हाय असते तोवरच ते बोलतं, आणि मी सीरियल राइटच्या लगेच पुढच्या ओळीत ती लो करत होतो. सीरियल राइट ही आज्ञा बाइट फक्त बफरमध्ये, म्हणजे पाठवायच्या रांगेत, टाकते. ९६०० वर आठ बाइट प्रत्यक्ष बाहेर पडायला ८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. माझा संदेश मध्येच तुटत होता, आणि तुटक संदेशाला ड्राइव्ह नियमानुसार उत्तरच देत नाही. मध्ये सीरियल फ्लशची, म्हणजे सगळे बाइट बाहेर पडेपर्यंत थांबायची, एक ओळ घातली आणि पहिलं उत्तर आलं: ०१ ८६ ०२.

हे एरर आहे, पण मला त्या क्षणी फार आनंद झाला. ८६ म्हणजे ०६ चा नकार, ०२ म्हणजे असं रजिस्टर नाही. नकार आला याचा अर्थ वायर, बॉड, पॅरिटी, पत्ता, सीआरसी सगळं ठीक आहे. आता मॅन्युअलमधला रजिस्टरचा तक्ता तेवढा नीट वाचायचा. शांतता मात्र दोघांपैकी कुणाचीही असू शकते, म्हणून तेव्हा सुरुवात वायरीपासूनच करावी.

मोटर फिरू लागली की एक पॅरामीटर लगेच लावा: संपर्क तुटल्यावर काय करायचं तो. तो बंद असेल तर आर्डुइनो हँग झाला तरी मोटर शेवटच्या आज्ञेवर फिरतच राहते. आणि इमर्जन्सी स्टॉपची वायर या सीरियलवरून कधीही नेऊ नका, ती वेगळी, थेट ओढा.