मिकुलोव: वाटेवरचं गाव

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून, एका कातळावर मिकुलोवचा किल्ला उभा आहे. ब्रनोहून व्हिएन्नाला जाणारी वाट इथूनच जाते. या गावाचं जे बरंवाईट झालं, ते बरंचसं या वाटेमुळेच.

१२४९ मध्ये हे ठाणं लिश्टेनश्टाइन घराण्याला मिळालं. आज ज्यांच्या नावाचा देश आहे, तेच हे घराणं. १५७५ मध्ये डीट्रिखश्टाइन घराण्यातले लोक आले आणि १९४५ पर्यंत टिकले. त्यांच्यातल्या कार्डिनल फ्रान्झने प्लेगच्या साथीनंतर, १६२३ मध्ये, समोरच्या टेकडीवर संत सेबास्टियनच्या चॅपेलचं काम सुरू केलं. किल्ल्याच्या तळघरात १६४३ चं लाखभर लिटरचं लाकडी पिंप आहे. दोनच वर्षांनी स्वीडिश फौजा आल्या आणि किल्ल्यातलं ग्रंथालय उचलून घेऊन गेल्या. पिंप जागेवरच राहिलं!

पण मिकुलोव समजून घ्यायचं तर किल्ल्याआधी ज्यू वस्ती पाहावी. १४२१ मध्ये व्हिएन्नातून हाकललेले ज्यू याच वाटेने येऊन इथे स्थिरावले. ज्यांच्या नावावर प्रागच्या गोलेमची, म्हणजे जिवंत केलेल्या मातीच्या पुतळ्याची, दंतकथा सांगतात, ते रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव्ह प्रागला जाण्याआधी वीसेक वर्षं इथे होते. १८५१ पर्यंत मोराव्हियाच्या, म्हणजे या सगळ्या प्रांताच्या, मुख्य रब्बींचं पीठही इथेच होतं. एकोणिसाव्या शतकात एक वेळ अशी होती, की गावातल्या दर दहांपैकी साधारण चार माणसं ज्यू होती.

मग वाटच बदलली. १८३९ ची व्हिएन्ना-ब्रनो रेल्वे मिकुलोव टाळून ब्रझेत्स्लाव्ह गावावरून गेली. १८४८ नंतर ज्यूंना हवं तिथे राहायची मोकळीक मिळाली आणि ते शहरांकडे निघाले. १८६६ मध्ये प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धातला तह किल्ल्यात झाला, तेवढ्यापुरतं गाव पुन्हा चर्चेत आलं.

१९३८ च्या म्युनिक करारानंतर नाझी जर्मनीने हा भाग गिळला. ज्यू वस्ती संपली. १९४५ च्या एप्रिलमध्ये किल्ला जळाला, आणि युद्ध संपल्यावर बहुसंख्य असलेल्या जर्मनभाषक रहिवाशांनाही देशाबाहेर घालवण्यात आलं. दोनतीन पिढ्यांपूर्वीचं गाव जवळजवळ सगळंच गेलं.

आजचा किल्ला १९५० च्या दशकातल्या पुनर्बांधणीतला आहे आणि त्यात संग्रहालय आहे. जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, वाचलं. ज्यू दफनभूमीत सुमारे ४,००० शिळा आहेत, आणि वाचता येणारी सर्वांत जुनी १६०५ ची आहे.