दोन बॅटऱ्या, आणि सकाळी सेल लागत नाही

गाडीत दोन बॅटऱ्या (मुख्य इंजिनसाठी, दुसरी फ्रीज-दिव्यांसाठी) असूनही सकाळी सेल मारल्यावर नुसती टिकटिक झाली, की बहुतेक जण नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. महिन्याभरात नवीही उतरते. अशा गाडीत आधी एवढंच ठरवायचं: इंजिन बंद झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या खरोखर वेगळ्या होतात का?

त्याआधी बॅटऱ्यांवरचा संशय मिटवा. दोन्ही पूर्ण चार्ज करा, ऋण टर्मिनल काढा आणि बारा तासांनी व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड बॅटरी चांगली असेल तर 12.6 च्या आसपास दिसते. काहीही न जोडता 12.4 च्या खाली आली, तर दोष तिच्यातच आहे. वायरिंग उचकटू नका.

दोन बॅटऱ्यांमधला रिले, म्हणजे व्होल्टेज बघून त्यांना जोडणारा-तोडणारा स्विच, सहसा 13.3 व्होल्टला जोडतो आणि 12.8 ला तोडतो. इंजिन बंद केल्यावर बॅटरीवर वरवरचा चार्ज राहतो, त्यामुळे काही काळ जोड तसाच टिकतो. तो घालवायला हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करा. मग फक्त दुसऱ्या बॅटरीवरचा फ्रीज किंवा दिवा चालू करा आणि मुख्य बॅटरीवर मीटर धरा. दुसरीबरोबर हिचंही व्होल्टेज उतरत असेल, तर रिलेचे काँटॅक्ट चिकटलेले आहेत. इन्व्हर्टरसारखा जड भार किंवा उतरलेल्या बॅटरीकडे धावणारा मोठा करंट ते वितळवून चिकटवतो. खात्रीसाठी रिलेच्या दोन्ही केबल काढून त्या ज्या स्टडवर होत्या त्या दोन स्टडमध्ये कंटिन्युइटी (आरपार जोड आहे का ते) तपासा. रिले सुटलेला असताना मीटर वाजता कामा नये.

दुसरी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर गंमत वेगळीच. ती विश्रांतीतही 13.2-13.3 व्होल्ट दाखवते, म्हणजे रिलेला वाटतं इंजिन चालूच आहे. रिले धड असूनही जोड तुटत नाही. असल्या जोडीला साधा रिले लावूच नये, इग्निशनवर चालणारा डीसी-डीसी चार्जर (मुख्य बॅटरीच्या बाजूने दुसरीला चार्ज करणारं यंत्र) लावावा. नव्या गाड्यांत याच्या उलट घडतं: स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) इंधन वाचवायला व्होल्टेज 13 च्या खाली आणतो, रिले जोडतच नाही आणि दुसरी बॅटरी उपाशी राहते. ही गळती नव्हे, पण दुसरी बॅटरी उतरलेलीच मिळते. उपायही तोच चार्जर.

रिले निर्दोष निघाला तर गळणारा करंट मिलीॲम्पिअरमध्ये मोजा, आणि प्रत्येक बॅटरीवर स्वतंत्र. सगळं बंद, चावी दूर, बॉनेट बंद आहे असं गाडीला वाटावं म्हणून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवलेलं. मीटर 10 ॲम्पिअरच्या रेंजवर ठेवून ऋण टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये लावा. आता सेल मारलात तर मीटरचा फ्यूज गेलाच. गाडीतले मॉड्यूल (छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) झोपायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर आकडा फसवाच. डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा लावायचा) असेल तर केबल सोडायची गरजही नाही, फक्त तो मिलीॲम्पिअर नीट दाखवणारा हवा.

20 ते 50 मिलीॲम्पिअर साधारण धकतं. 50 म्हणजे दिवसाला 1.2 ॲम्पिअर-तास, 60 ॲम्पिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला पंचवीस दिवस. अर्धा ॲम्पिअर गळत असेल तर तीच अडीच दिवसांत अर्धी. रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टर एवढा करंट सहज खातो.

गळती शोधताना फ्यूज उपटत बसू नका. परत बसवताना मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा थांबावं लागतं. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांमध्ये मिलीव्होल्ट मोजा. शून्य नसेल तिथून करंट जातोय.

सगळ्या फ्यूजवर शून्य आलं आणि करंट मात्र चालूच, तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) संशयित. बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडा, अल्टरनेटरची जाड धन केबल काढून तिचं टोक इन्सुलेट करा आणि मीटर पुन्हा लावा. आकडा कोसळला, तर करंट त्याच वाटेने जात होता.